वाकडं खापर

धुळ्याच्या संग्रहालयात काचेच्या पेटीत ठेवलेलं खापर लोटनआबांनी बघताक्षणी ओळखलं. खाली कार्ड होतं : ‘मांड्यांचे खापर, सुमारे दोनशे वर्षे जुने.’ आबांच्या हिशेबाने ते अठ्ठावन्न वर्षांचं होतं. कारण बाराव्या वर्षी ते त्यांनीच घडवलं होतं.

आणि वाकडं घडवलं होतं. एका अंगाला तळहाताएवढा खोलगा, कडेखाली नखाच्या तीन खुणा. घराण्याची खूण दोन नखांची, पण पोरवयात आबांना वाटलं, आपलं एक जास्त असावं. त्यांचा बाप झुलाल धरणगावचा नावाजलेला कुंभार. त्याचा नियम असा, की वाकडं भांडं गिऱ्हाइकाच्या चुलीवर जायचं नाही, कुंभारानं ते स्वतः फोडायचं. “ते मी फोडी टाकं. जाय, दुसरं कर,” एवढंच तो पोराला बोलला होता. पोरगं तीन दिवस धड जेवलं नव्हतं.

मग न फोडता ते इथे कसं आलं? म्हणजे बापानं वाकडा माल कुणाच्या तरी गळ्यात मारला होता. आबांना हे स्वतःच्या वाकडेपणापेक्षा जास्त लागलं. म्हातारपणी बापाची अब्रू चव्हाट्यावर कोण मांडणार?

त्यांना तिथे बोलावलं होतं कामिनीताईंनी. संग्रहालयाच्या प्रमुख, आणि भारी हौशी बाई. वस्तू काचेत बसून काय करणार, ती माणसांच्या हातात गेली पाहिजे, हे त्यांचं म्हणणं. आखाजीच्या, म्हणजे अक्षय तृतीयेच्या, आधीच्या रविवारी त्यांनी मांड्यांचा मेळा ठरवला. इंजिनीअरिंगच्या पोरींचा एक गट हाताशी धरला. पुनम त्यांची म्होरकी. पोरींनी खापराचे चहूबाजूंनी फोटो काढून कॉम्प्युटरवर त्याचा आकार उभा केला, मशीनवर तो प्लास्टिकमध्ये छापला आणि त्यावरून प्लास्टरचा साचा काढला. त्या साच्यात माती भरून आठ खापरं भाजून द्यायची, हे आबांचं काम. मांडे शिकवायला बेबाबाई, जिने ते खापर संग्रहालयाला दिलं होतं. पंच्याहत्तरीची बाई, पण तोंडाचा पट्टा विशीतला.

आबांनी खापरं केली. आठही वाकडी, आठांवर तीन-तीन नखं. आडात तेच पोहऱ्यात.

रविवारी संग्रहालयाच्या अंगणात आठ चुली पेटल्या. पुरण भरलेला गोळा दोन्ही हातांवर फिरवत फिरवत बेबाबाईने टॉवेलाएवढा पातळ केला, उपड्या खापरावर अलगद टाकला, आणि बघता बघता मांडा उतरला. टाळ्या पडल्या. मग पोरींची आणि शिकायला आलेल्या बायकांची पाळी आली. सगळ्यांचे मांडे त्या खोलग्यात लोंबले, कच्चे राहिले आणि उचलताना टरकन फाटले. पहिल्या खेपेला हसू आलं, तिसऱ्या खेपेला कुणी हसेना.

“आजी, खापर वाकडं वाटतंय,” पुनम म्हणाली.

“नाचता येस नही, आंगन वाकडं!” बेबाबाईने ठणकावलं. “याच खापरवर जलम गया मना.”

बायका खाली मान घालून हात पुसायला लागल्या. पुनमने तर पुरणाचे हात तसेच ठेवून सांगून टाकलं, “जाऊ द्या, आमच्या हातात नाहीच ते.” आणि चूल सोडून ती उठली.

आबा बघत होते. ‘आमच्या हातात नाहीच ते’, हेच वाक्य बारा वर्षांचं एक पोरगं तीन दिवस मनात घोळवत बसलं होतं. आता मात्र त्यांना राहवलं नाही.

“बस पोरी, उठू नको,” ते पुढे आले. “अक्का, आंगन खरंच वाकडं शे. हाई खापर मी करेल शे. बारा वरीसना व्हतू तवय. दोनशे वरीस नही, ताई. चूक मनी शे. मना बापनी ते कोनले इकं, माले ठाऊक नही.”

कामिनीताईंचा चेहरा उतरला. मेळ्याच्या पत्रिकेवर त्याच खापराचा फोटो होता.

बेबाबाई मात्र डोळे बारीक करून आबांकडे बघत राहिली. “तू झुलालना पोऱ्या का?”

“हा.”

“आरे, इकं कुठे त्यानी! मी नवी नवरी व्हतू, सासूसंगे धरणगावना बजारमा गयतू. तुना बाप सासूले बोलना, ‘माय, हाई वाकडं शे, इकानं नही. पन मना पोऱ्याना हातनं पह्यलं शे. फोडाले जीव व्हत नही. तू लई जाय, जपीसन वापर.’ फुकट दिधं!”

अठ्ठावन्न वर्षं ज्या बापावर आबा मनातल्या मनात रुसून बसले होते, त्याने खापर फोडल्याचं चक्क खोटं सांगितलं होतं. ते रडत होते की हसत होते, त्यांचं त्यांनाही कळत नव्हतं.

“मग दोनशे वर्षं कुठून आली?” कामिनीताईंनी विचारलं.

“मी आपलं बोलनू, सासूनी सासूनं शे,” बेबाबाई पदराआड हसली. “तुम्ही लिखी बी टाकं!”

कामिनीताईंनाच पहिलं हसू फुटलं, मग सगळं अंगण हसलं. आबांनी बेबाबाईला पुन्हा एक मांडा करायला लावला आणि तिच्या हातांकडे बोट दाखवलं. खोलगा ती नेहमी पलीकडे ठेवत होती, आणि मांडा त्या अंगाला तोकडा सोडत होती. आपण असं करतो हे तिला स्वतःलाही माहीत नव्हतं, नुसतं हाताला माहीत होतं. पुनमने खापर फिरवलं. तिचा मांडा अख्खा उतरला आणि तिने अशी आरोळी ठोकली, की रस्त्यावरची माणसं आत आली. दुपारपर्यंत आमरसाची पातेली रिकामी झाली.

संध्याकाळी कामिनीताईंनी नवं कार्ड लिहिलं : ‘लोटन झुलाल कुंभार यांचे पहिले खापर, वय बारा. वडिलांनी फोडले नाही.’

“आबा, कॉम्प्युटरवर खोलगा भरून काढते,” पुनम म्हणाली. “पुढची आठ सरळ होतील.”

“सरळ मी चाकावर करी दिसू,” आबा म्हणाले. “जलमभर मी तेच करं. यातलं एक वाकडं माले दे.”

धरणगावच्या एसटीत त्यांना खिडकी मिळाली. खापर त्यांनी वरच्या फळीवर ठेवलं नाही. घर येईपर्यंत ते मांडीवरच होतं.