तात्यांची रातपाळी

"तिकडे आपलं कोण शे?" ताजिकिस्तानचं नाव ऐकून हर्षदाच्या मायनं एवढंच विचारलं. कुणीच नाही, म्हणून तर जायचं होतं. कतारगामच्या दुकानात साड्यांच्या ऑनलाइन ऑर्डरी घेऊन पोरगी विटली होती. वडील सखारामतात्या मात्र, ते यंत्रमाग चालवत त्या कडोदऱ्याच्या लूमवर, सगळ्यांना सांगत सुटले, आमची हर्षू पाठीवर पिशवी टाकून जग बघायला चालली.

महिनाभर ती पामीरच्या डोंगरांत भटकली. मिळेल त्या जीपमध्ये कोंबून बसली, गावकऱ्यांच्या घरी सतरंजीवर झोपली, रोटी आणि चहावर भागवलं. रेंज मिळाली की घरी फोन. "तात्या झोपेल शेतस, रातपाळी शे ना तेस्नी," माय सांगायची. बरं, म्हणून ही डोंगरांचे फोटो पाठवायची.

आज ती दारात पोचली तर समोर भिंतीवर तात्यांचा फोटो, त्याला हार. भाऊ योगराजच्या डोक्यावर केस नुकते उगवत होते. ती गेली त्याच आठवड्यात तात्या चालू लूमसमोर कोसळले होते. एकटी पोर परक्या मुलखात कुणाच्या गळ्यात पडून रडेल, म्हणून मायनं सगळ्यांची तोंडं बंद केली होती.

"घराचं सुतक फिटलं. हिनं अंगावरच्या कपड्यांनिशी डोक्यावरून पाणी घेतलं की झालं," उज्ज्वला आत्यानं निकाल दिला. आत्याचं शास्त्र नेहमीच सोयीनं वळतं, पण वाद घालायला कुणात त्राण नव्हतं.

हर्षदानं मोरीत बसून पाणी ओतून घेतलं. रडू आलं नाही. लोकरीचे मोजे आता लवकर वाळायचे नाहीत, एवढंच डोक्यात आलं आणि तिला स्वतःची भीती वाटली.

मग तिला ती रातपाळी आठवली. लूमवर पंधरवड्याला पाळी बदलते. बापाची रातपाळी असली की दिवसा भांडं वाजवायचं नाही, दिवसपाळी लागली की हवा तेवढा दंगा, हे लूमवाल्यांच्या पोरांना चालायला लागल्यापासून ठाऊक असतं. तात्यांची पाळी कधीच बदलायला हवी होती. तिकडे एकदा फोन ठेवताना तिच्या मनात हे आलंही होतं. पण जीप सुटत होती.

माय टॉवेलनं तिचं डोकं पुसू लागली.

"माय, दर वेळी रातपाळीच काय सांगितलीस? निदान मधे दिवसपाळी तरी सांगायची."

मायचा हात थांबला नाही. "पाळी मुद्दामच बदली नही. तू एक डाव इचारती, ते मी सांगी देती. लूमवालानी पोर शे, आज इचारी, उद्या इचारी, आसं वाटे माले."