अर्ध्या मिनिटाचा नमुना

"एवढंसं बटण, आणि दाबावं तर भलतंच उघडतं," वहिनी पुटपुटली. "माझा अंगठा म्हणजे काय सुई आहे?"

नणंदेने तिच्या हातातून मोबाइल काढून घेतला आणि आपल्या लॅपटॉपशेजारी ठेवला. वेबसाइट दादाची होती. दादा पियानो लावतो. तारा सैल पडून सूर उतरले की लोक त्याला बोलावतात. हल्ली बोलावणी रोडावली होती आणि घरात सगळं खापर वेबसाइटवर फुटत होतं. मोबाइलवर नीट दिसत नाही, शोधलं तर सापडत नाही. तक्रार खोटी नव्हती. अक्षरं मुंगीएवढी होती आणि पान सापडायचं ते दादाचं नाव टाकलं तरच. ज्याला नाव ठाऊक आहे तो शोधत कशाला बसेल, सरळ फोन करेल.

नणंद हे काम व्हिडिओ बघून बघून शिकली होती. तिने अक्षरं वाढवली, फोनचं बटण अंगठ्याला साजेसं केलं, लोक ज्या शब्दांत शोधतात ते शब्द पानाच्या माथ्यावर आणले. पान शोधात वर सरकलं. नवी माणसं फोन करू लागली. एकदा बोलवायची, पुन्हा मात्र नाही. फोन वहिनी घ्यायची, त्यामुळे तिला हे माहीत होतं. तिच्या पडलेल्या आवाजावरून नणंदेलाही कळलं होतं. त्यावर दोघी बोलल्या नाहीत. बटणाच्या रंगावर मात्र भरपूर बोलल्या.

आता पानावर जड असं एकच उरलं होतं, दादाच्या कामाचं जुनं रेकॉर्डिंग.

"दादा, हे सुरू होईपर्यंत माणूस आंघोळ करून येईल. आणि त्यात अर्धा वेळ तूच बोलतोयस."

"ज्ञान फुकट वाटतोय, तर तुला जड होतंय."

"मला नाही, मोबाइलला. अर्ध्या मिनिटाचा नमुना दे. आधी बेसूर, मग सुरात."

"नवीनच करू. जुन्यात शेजारचं ड्रिल मशीनही माझ्याबरोबर गातंय."

बाहेरच्या खोलीतला घरचा पियानो त्याने आधी बेसूरच रेकॉर्ड केला आणि दुपारभर बसून लावला. मग मोबाइल पुन्हा रेकॉर्डिंगला लावून पियानोवर ठेवला आणि खालच्या पट्ट्यांपासून वाजवत गेला. खालचे सूर भरदार होते, मधले स्वच्छ. अगदी वरच्या पट्ट्यांवर तारा आपापसांत भांडायला लागल्या. दादाने समाधानाने तारा पिळायची किल्ली पुसून हत्यारांच्या पेटीत ठेवली.

आत ओव्हनची घंटी बारीक आवाजात वाजत राहिली होती. वहिनी उठून बंद करून आली.

"मध्येच कुठे गेलीस?" दादाने विचारलं.

"पाणी प्यायला."

नणंदेने रेकॉर्डिंग लॅपटॉपवर घेतलं. "शेवटचा तुकडा कापते हं. मोबाइलवर लोक सुरुवातीचंच ऐकतात." ते खरंही होतं, म्हणून बोलताना तिची जीभ अडखळली नाही.

"मुळीच कापू नकोस, छोटे. वरचे सूर हीच तर माझी खासियत. खालचे कुणीही लावेल."

"फाइल हलकी होईल."

"एवढ्याशा तुकड्याने? आधी तुझी अक्षरं, मग तो बटणाचा रंग, आता हे. त्या पानाची दुखणी काही संपत नाहीत. आहे तसं चढव."

नणंदेचं बोट बटणावर थांबलं. तिने वहिनीकडे पाहिलं. वहिनी कोरडेच हात फडक्याला पुसत होती.

"पान ठणठणीत आहे," वहिनी म्हणाली.

"काय?"

ती जाऊन त्याच्यासमोर बसली, त्याला तिचे ओठ दिसतील अशी.

"तुम्हाला वरचे सूर आता ऐकू येत नाहीत."