सातव्या गोळीचा आकडा

माझा दादा अठरा वर्षं एकच गोष्ट शोधत होता: एकटा क्वार्क. गेल्या महिन्यात तो त्याला सापडला. तो मी सापडवून दिला, आणि हे सांगतानासुद्धा माझे कान तापतात.

दादा शास्त्रज्ञ, मी त्याच्याच प्रयोगशाळेत यंत्रं सांभाळणारी. लोक म्हणायचे, भावाच्या वशिल्याने चिकटली. कसला वशिला! त्याच्या हट्टापुढे दुसरं कुणी टिकलंच नाही.

क्वार्क म्हणजे काय, हे त्याने मला बुटाच्या नाडीवर समजावलं होतं. प्रोटॉनच्या पोटात तीन क्वार्क असतात. एकाला बाहेर ओढायला जावं, तर लांब नेल्याने त्यांची ओढ सैल पडत नाही, जोर लावतच राहावा लागतो. शेवटी तुटतं एकदाचं, पण तुम्ही लावलेल्या त्या जोरातूनच नवे क्वार्क जन्मतात आणि सुटलेल्याला तिथल्या तिथे जोडीदार मिळतो.

"या नाडीचं फक्त एक टोक कापून दे बघू, चिमे," दादा म्हणाला. मी कापलं. हातातल्या तुकड्याला दोन टोकं होतीच.

"कळलं," मी म्हणाले. "आणि नाडी माझ्या बुटाची होती."

"मग शोधतोस कशाला?" असंही मी विचारलं होतं. त्यावर म्हणे, अजून कुणाला दिसला नाही म्हणजे नाहीच असं थोडंच आहे! आता अशा माणसाशी काय डोकं लावायचं?

काम असं. टाचणीच्या डोक्याहून बारीक धातूची गोळी चुंबकाच्या जोरावर हवेत तरंगत ठेवायची आणि तिच्यावरचा विजेचा भार मोजायचा. तो नेहमी पूर्ण आकड्यात येतो: शून्य, एक, दोन. एकटा क्वार्क कुठे अडकून राहिला असेल, तरच वर एक तृतीयांश उरेल. यंत्रावरचा आकडा मात्र तासन् तास डुलत राहायचा. तो स्थिरावला असं कधी म्हणायचं, ते दादा ठरवायचा.

आता माणसाला जे हवं असतं तेच दिसतं. म्हणून दादाने स्वतःलाच आंधळं करून घेतलं होतं. दर गोळीला मी एक चिठ्ठी उचलायची. तिच्यावरचा आकडा यंत्रावरच्या आकड्यात मिळवायचा आणि दर थोड्या वेळाने फक्त बेरीज दादाला सांगायची; यंत्र त्याच्या नजरेआड. चिठ्ठी पाकिटात बंद. खरा भार काय, हे मोजणी संपेपर्यंत एकट्या मला माहीत.

सातव्या गोळीच्या वेळी प्रयोगशाळेची खोली रिकामी करायचा कागद आला. मुदत महिनाअखेर. त्या दिवसापासून दादा दाढी करेना, वहिनीशी बोलेना. मला पाहवेना हो.

मी खोटा आकडा एकही सांगितला नाही, देवाशपथ. फक्त यंत्रावर एक तृतीयांशाच्या आसपास काही दिसलं, की मी डबा काढायचे. "झालं की आता, भूक लागली." दादा म्हणायचा, "बरं, हाच धरू." आणि पूर्ण आकडा दिसत असला, की मी म्हणायचे, "बघू या अजून थोडं, घाई काय आहे?" पाच दिवस हेच केलं. पाकीट उघडलं तेव्हा पाचही दिवसांचा भार एक तृतीयांश निघाला. दादा खुर्चीत बसून लहान मुलासारखा रडला. वहिनीने मला मिठी मारली, आणि मी मेलीने ती मारू दिली.

व्याख्यान ठरलं. मोठं सभागृह, बाहेरगावची माणसं. त्या दिवशी सकाळी मी त्याच्या घरी गेले तर स्वारी शर्टाला इस्त्री करत होती, शीळ वाजवत. दहा वर्षांत मी ती शीळ ऐकली नव्हती. एकदा वाटलं, गप बस, म्हातारपणी सुखाने मिरवू दे त्याला. पण त्या आकड्यामागे उद्या आणखी कुणीतरी अठरा वर्षं घालवणार होतं.

"दादा, तो क्वार्क नाही," मी म्हणाले. "तो माझा डबा आहे."

सगळं सांगितलं. त्याने इस्त्री बंद केली, वही मागितली. दर आकड्यापुढे मी वेळ लिहीत असे, तीच सवय आता माझ्यावर उलटली. दादा बोट ठेवत खाली खाली गेला.

"अकरा वीस. दहा पन्नास. अकरा पाच." मग माझ्याकडे बघून म्हणाला, "आपण दीडला जेवतो ना गं?"

तो ओरडला असता तर बरं झालं असतं. त्याने शर्ट घातला, सभागृहात गेला आणि सगळ्यांसमोर म्हणाला, "निकाल मागे घेतो. कधी थांबायचं ते मी आकड्यावरून नाही, समोरच्याच्या तोंडाकडे बघून ठरवलं. चूक माझी." माझं नावसुद्धा घेतलं नाही. मी दुसऱ्या रांगेत होते. उठून ओरडायचं होतं, की अहो, मी केलं हे. पण बसूनच राहिले. एक चूक कबूल करून आले होते, तिथल्या तिथे दुसरी केली.

सोमवारी गेले ती राजीनामा घेऊन. दादा आमच्या दोन टेबलांच्या मध्ये फळी ठोकत होता.

"बारा दिवस उरलेत," तो तोंडातला खिळा काढत म्हणाला. "सातवी गोळी पहिल्यापासून मोजू. चिठ्ठी उचल."

"माझ्यावर कसा विश्वास ठेवतोस रे?"

"येऊन सांगितलंस ना? बस आता."

मी फळीमागे बसून एकेक बेरीज सांगू लागले. अकराच्या सुमाराला यंत्र एक तृतीयांशावर आलं आणि तिथेच रेंगाळलं.

"चिमे, थांबू की अजून बघू?"

सवयीने विचारलं बिचाऱ्याने. डबा माझ्या पायाशी होता. मी दोन्ही हात मांडीखाली दाबून धरले.

"बरं बरं, नाही विचारत," तो म्हणाला. "बघू अजून."

साडेबाराला तो म्हणाला, "थांबू." यंत्रावर पूर्ण एक होता, अगदी स्थिर. मी चिठ्ठीतला आकडा मिळवला आणि शेवटची बेरीज जमेल तितक्या सपाट आवाजात सांगितली.

फळीपलीकडे पेन्सिल चालली. मग दादाचा आवाज आला, "हा आकडा मला चांगला वाटतोय गं."

मी ओठ घट्ट मिटून वहीत वेळ लिहिली.