तेवीस नंबरचं बूच

मित्रांनो, मी एक जुनी काचेची बाटली आहे. औषधाची नव्हे, लोणच्याची तर नव्हेच नव्हे! मी तळ्याचं पाणी तपासायची बाटली. माझ्या मानेवर सतरा हा आकडा कोरलेला आहे. माझं बूचही काचेचं, त्यावरही सतरा. कारखान्यात आम्हा दोघांना एकमेकांवर घासून घासून बसवलं, त्यामुळे दुसरं कुठलंही बूच मला नीट बसत नाही. जन्माची भित्री आहे मी. काचच ना! कुणी टेबलाच्या कडेला ठेवलं की मला खालची फरशीच दिसू लागते.

१९९६ साली मी बंगळूरच्या एका कॉलेजात, पर्यावरण जीवशास्त्राच्या एम.एस्सी.च्या प्रयोगशाळेत होते. तिथे कस्तुरी शिकत होती. बंगळूरच्याच शिवाजीनगरात तिच्या वडिलांचं, नरसिंगरावांचं, शिलाई मशीन दुरुस्तीचं दुकान होतं. तिचा प्रबंध जे. पी. नगरच्या पुढच्या एका तळ्यावर होता. दर पंधरा दिवसांनी मला काळ्या फडक्यात गुंडाळून ती बसने तिकडे न्यायची. खड्डा आला की मी देवाचं नाव घ्यायचे आणि ती मला पोटाशी धरायची. फार जपायची हो मला.

काम साधंच होतं. मला पाण्यात बुडवून, आत एकही बुडबुडा न ठेवता भरायचं. मग दोन औषधं घालून घट्ट बूच लावायचं. पाण्यात प्राणवायू असला तर तळाशी तपकिरी गाळ बसतो. नसला तर पांढरा. पांढरा गाळ म्हणजे त्या पाण्यात मासा जगायचा नाही.

तळ्यात मासे पाळणारा देवाप्पा त्या उन्हाळ्यात धास्तावला होता. नव्या वसाहतींचं सांडपाणी तळ्यात येऊ लागलं होतं.

"अक्का, उद्या सकाळी सातला टेम्पो येतोय," तो काठावर कस्तुरीला म्हणाला. "दहा डबे माशांची पिल्लं आहेत. वर्षभराचं पोट आहे माझं त्यात. पाणी बरं आहे का, स्वल्प बघून सांग की."

"बघते, अण्णा. दुपारी कॉलेजात या."

तिने मला भरलं, औषधं घातली आणि बूच लावलं. आणि माझा जीवच उडाला! ते माझं बूच नव्हतंच. आदल्या दिवशी सगळी बुचं एकाच ताटात वाळत घातली होती, त्यातलं तेवीस नंबरचं घाईत मला लागलं होतं. बस आली म्हणून कस्तुरीने गाळ न बघताच मला फडक्यात गुंडाळलं. मित्रांनो, तो गाळ पांढरा होता. पांढराफटक!

वाटेत बस हिंदकळत राहिली. बुचाच्या फटीतून पाणी पाझरत होतं आणि हवा आत शिरत होती. त्या हवेने माझ्या पोटातला गाळ हळूहळू तपकिरी होत गेला. ओरडावंसं वाटत होतं, पण मला कुठला आवाज! भीतीने मी नुसती थरथरत होते. कस्तुरीला वाटलं, बसच हलतेय.

प्रयोगशाळेत फडकं सोडलं तेव्हा गाळ चांगला तपकिरी होता. पुण्याहून आलेल्या नीलिमा मॅडम तिच्या मार्गदर्शक. कस्तुरीने मोजून काढलेला प्राणवायूचा आकडा पाहून त्यांनी मान हलवली. "छान! लिहून टाक." दारात उभ्या देवाप्पाला कस्तुरी म्हणाली, "पाणी बरं आहे, अण्णा. सोडा पिल्लं." म्हातारा हात जोडून गेला. मला तर त्याच्याकडे बघवेना.

संध्याकाळी पाचला ती बाटल्या धुवायला बसली. मानेवर सतरा, बुचावर तेवीस. तिचा हात थांबला. तिने फडकं चाचपलं, ते ओलं होतं. तिचा चेहरा उतरला.

मॅडम शेजारच्याच खोलीत होत्या. कस्तुरी दारापर्यंत गेली आणि परत आली. मॅडम काय म्हणतील? प्रबंध परत पाठवला तर? वर्ष गेलं तर? "सकाळी लवकर जाऊन आधी खात्री करू," असं पुटपुटत तिने माझं खरं बूच शोधून लावलं आणि मला घरी नेलं. घरीही ती कुणाशी काही बोलली नाही. देवाप्पाकडे फोन नव्हता, पण सहाला तळ्याकडे जाणारी बस होती ना! मला हे कळत होतं. तिलाही कळत होतंच.

सकाळी तिला तळ्यावर सोडायला नरसिंगरावांनी स्कूटर काढली. ती चालू होईना. तळ्यावर पोचेतो सव्वासात झाले होते. टेम्पो उभा होता. कस्तुरी धावतच सुटली.

"अण्णा, थांबा! सोडू नका!"

काठावरच तिने मला भरलं, औषधं घातली, माझंच बूच लावलं. तिघेही वाकून बघत होते. गाळ पांढरा झाला.

नऊ डबे टेम्पोतच होते. एक रिकामा होता. त्यातली पिल्लं काठाशी पाण्यावर तोंड काढून आ करत होती. थोड्या वेळाने ती हलायचीही थांबली.

"चूक माझी, अण्णा," कस्तुरी रडत म्हणाली. "मला काल संध्याकाळीच कळलं होतं."

देवाप्पाने रिकामा डबा उचलून टेम्पोत ठेवला. मग म्हणाला, "कालच यायचं होतंस गं, अक्का."

नऊ डबे बनशंकरीकडच्या दुसऱ्या तळ्यावर गेले. कस्तुरीने प्रबंधात दोन्ही आकडे लिहिले, आणि आपली चूकही. मॅडम रागावल्या, पण वर्ष काही गेलं नाही.

आता कस्तुरी स्वतः शिकवते. माझी कड उडाली आहे, काम होत नाही. पण माझं बूच तिने दोऱ्याने माझ्या मानेला बांधलं आहे. दरवर्षी पहिल्या दिवशी ती मला टेबलावर ठेवते, अगदी मधोमध, आणि मुलांना त्या दहाव्या डब्याची गोष्ट सांगते.

मित्रांनो, माझी एवढीच विनवणी आहे. ज्याचं बूच त्यालाच लावा. आणि चूक कळली की भीती वाटणारच, मलाही वाटते. घाबरत घाबरत का होईना, पण त्याच संध्याकाळी सांगा. त्या पिल्लांना सकाळपर्यंत वेळ नव्हता.