पलीकडच्या काठावरचं धुणं

सेखोबेने हात वर केला, तसा मागून येणारा मोपेली गुडघाभर पाण्यात जागच्या जागी थांबला.

"आहे?" त्याने हळूच विचारलं.

"आहे. हलू नका."

सेखोबे डोळे बारीक करून पाण्याकडे बघत होता. निदान मोपेलीला तसं वाटावं, एवढी काळजी तो घेत होता. खरं म्हणजे त्याला नदी म्हणून नुसता एक करडा, हलता पट्टा दिसत होता. त्यात दगड कुठला आणि ट्राउट मासा कुठला, देव जाणे. त्याचं सगळं लक्ष होतं पलीकडच्या काठावर. तिथे एक बाई धुणं धूत होती, आणि तिने नुकतीच खडकावर एक पिवळी चादर अंथरली होती. घडी न घालता, अख्खी. म्हणजे मासा चादरीच्या समोर, मधल्या धारेत. घडी घातलेली असती तर तो पलीकडच्या काठाजवळ असता.

"समोरच्या चपट्या खडकाच्या रेषेत टाका, मधल्या धारेत. जरा वरच्या अंगाला, आणि वाहत येऊ द्या."

मोपेलीने काठी मागे नेऊन दोरी फेकली. गळाला बांधलेली पिसांची इवलीशी माशी पाण्यावर टेकली, वाहत खाली आली आणि गडप झाली. दोरी ताणली. बऱ्याच ओढाताणीनंतर लाल ठिपक्यांचा तो मासा मोपेलीच्या ओंजळीत आला, आणि गळ काढल्यावर पुन्हा पाण्यात गेला. या नदीवर मासा कोणी घरी नेत नाही.

"लोक म्हणतात ते खोटं नाही, काका. घारीची नजर आहे तुमची," मोपेली म्हणाला.

सेखोबे हसला.

मोपेली नदीकाठच्या लॉजचा नवा मॅनेजर. राजधानीहून, मासेरूहून आला तेव्हाच त्याने वाटाड्यांना बजावलं होतं: समुद्रापलीकडचे पाहुणे इथवर येतात ते मासा दिसावा म्हणून. मी एकेकाबरोबर दिवसभर फिरणार, ज्याला मासा दाखवता येणार नाही तो तबेल्यात घोडी सांभाळेल. नुसती धमकी नव्हती ती. लेफूला त्याने खरंच तबेल्यात धाडलं, आणि तो गडी आता समोरून आला की मान खाली घालून जातो. सेखोबेला लेफूचं वाईट वाटायचं, पण त्याहून जास्त भीती वाटायची. अख्ख्या खोऱ्यात त्याला ओळख होती ती या डोळ्यांमुळेच. आणि त्यातला उजवा आधी गेला, मग डाव्यातही धुकं साचत चाललं. दवाखान्यातल्या नर्सने सांगितलं, गेलेली नजर काही परत येत नाही. त्याने ते फक्त बायकोला सांगितलं.

"मासे मी बघते, ऐट तुम्ही मिरवा," मातुमेलो म्हणाली होती.

तो भडकला, जेवला नाही, आणि शेवटी कबूल झाला. दुसरं करतो काय? पलीकडचा काठ उंच, तिथून पाण्याचा तळ दिसतो, आणि तिचं माहेर त्याच काठावरचं. मक्यातला खडा दिसावा तसा तिला पाण्यातला मासा दिसायचा. सकाळी गळांत दोरे ओवून तीच त्याच्या टोपीला टोचून द्यायची, आणि मग टोपलं डोक्यावर घेऊन नदीवर. दोन माणसांचं धुणं ते केवढं! त्याच चादरी, तेच सदरे धुऊन धुऊन विरायला आले होते. डोंगरावरचं बर्फ वितळून येणारं पाणी. तिच्या बोटांना चिरा पडल्या होत्या. संध्याकाळी तो त्यांना मेंढीची चरबी चोळून द्यायचा आणि तेव्हा तिच्याकडे बघायची त्याला लाज वाटायची.

दोघे वरच्या डोहाशी पोचले. तीही आपल्या काठाने वर आली होती. घडी घातलेलं तांबडं कापड खडकावर पडलं होतं. सेखोबे हात वर करणार, एवढ्यात मोपेली थबकला.

"ही बाई मघाशी खालीही होती ना?"

"असेल. बायका धुतात इथे."

"साबणाचा फेस बघा केवढा. त्यात हे भडक कपडे. मासे पळवून लावेल ती. उद्यापासून इथलं धुणंच बंद करायला लावतो. आत्ता तुम्ही तिला हाकला, काका. या लोकांना तुमच्याच गावच्या भाषेत सांगायला हवं."

एका हाकेचं काम होतं. ए बाई, ऊठ तिथून, एवढंच. मातुमेलो उठलीही असती. तिला कळलं असतं, रागावलीही नसती. उलट घरी त्याची नक्कल करून हसली असती. मोपेली खूश झाला असता, आजचा दिवस निभावला असता, उद्याचं उद्या.

सेखोबेने तोंडाशी हात धरले.

पलीकडे ती गुडघ्यांवर बसली होती, दोन्ही हात पाण्यात. तिने वर बघितलं असावं. एवढ्या लांबून तिचा चेहरा त्याला दिसेनासा होऊन वर्ष उलटलं होतं. हाक न मारताच त्याचे हात खाली आले.

"काय झालं?" मोपेलीने विचारलं.

"बायको आहे माझी."

"मग तर सोपंच आहे. सांगा तिला."

"साहेब, तिला हाकललं तर तुम्हाला मासा कोण दाखवणार?"

मोपेली आधी हसला. मग हसू अर्धवट ठेवून त्याने सेखोबेच्या डोळ्यांकडे बघितलं, पहिल्यांदाच नीट. मग पलीकडच्या कापडाकडे. तो सावकाश दोरी गुंडाळत राहिला. तबेला हा शब्द आता येईल, मग येईल, म्हणून सेखोबे वाट बघत उभा राहिला. त्याचे पाय गारठून गेले होते.

पलीकडे तिला यातलं काहीच माहीत नव्हतं. ती उठली, झग्याला हात पुसले, तांबडं कापड उचललं आणि थोडं वरच्या अंगाला नेऊन ठेवलं.

"मासा हलला," सेखोबे म्हणाला. "हातभर वर गेलाय."