डाग निघेपर्यंत

बस डेपोच्या वर्कशॉपमध्ये तिला सगळे ‘बाई’ म्हणत. बाई तिथल्या मुख्य मेकॅनिक. त्यांनी चाकाला हात लावून ‘सोडा’ म्हटल्याशिवाय एकही बस फाटकाबाहेर जात नसे. नोकरीच्या पहिल्याच वर्षी तिने एका बसचं पुढचं चाक उतारावर निखळलेलं पाहिलं होतं. जेवणाची सुट्टी झाली म्हणून कुणीतरी नट नुसते हातानेच फिरवून ठेवले होते आणि परत आल्यावर तो विसरून गेला. त्या ड्रायव्हरला पुढे काठीशिवाय चालता आलं नाही. तेव्हापासून अर्धवट काम दिसलं की बाईंच्या अंगावर काटा यायचा, मग ते बसचं असो की घरातल्या कपबशीचं.

नवरा बोटीवर इलेक्ट्रिशियन, वर्षातले आठ महिने पाण्यावर. घरात ती आणि दोन मुली. मोठी बारा वर्षांची, धाकटी सात. दोघींना कामं वाटून दिलेली होती आणि त्यात सवलत नव्हती. शेजारणी म्हणायच्या, “अगं, लहान आहेत पोरी!” त्यावर तिचं उत्तर ठरलेलं असे, “लहान आहेत म्हणूनच. मोठेपणी कोण शिकवणार?” ती मारायची नाही, ओरडायचीही क्वचित. नीट न घासलेलं पातेलं नुसतं परत मोरीत ठेवायची. मोठीला ते मारापेक्षा जास्त लागायचं.

त्या शनिवारी डेपोत दुपारपर्यंत काम होतं. निघताना तिने मोठीला सांगितलं, “बाथरूमच्या फरशीवरचे पिवळे डाग आज निघाले पाहिजेत. कडेकडेचे पण. डाग निघेपर्यंत घास, वरवर पाणी मारून मोकळी होऊ नकोस. आणि दार लावून घे, मागच्या वेळी पॅसेजभर तळं केलं होतंस.” धाकटीला धुतलेल्या कपड्यांच्या घड्या घालायच्या होत्या. “फोनला हात लावायचा नाही, कुणालाही दार उघडायचं नाही,” हे तिला रोजचंच.

अकराच्या सुमारास बाई एका बसच्या ब्रेकमध्ये कोपरापर्यंत अडकल्या होत्या. बस साडेअकराला सुटायची होती आणि बाहेर कंडक्टर दर दोन मिनिटांनी डोकावत होता. फोन वाजला. हात ग्रीसने माखलेले, म्हणून तिने वेल्डरला फोन कानाशी धरायला लावला.

“आई, डाग जातच नाहीयेत गं,” मोठी म्हणाली. आवाज बसल्यासारखा होता. “दोन्ही टाकलं तरी जात नाहीयेत. डोळे झोंबतायत. थोडा वेळ थांबू का?”

“थांबू का, थांबू का! काम संपलं की थांबायचंच आहे. किती राहिलंय?”

“एक बाजू.”

“मग तेवढी करून टाक. मला आता कारणं नकोत, माझे हात अडकलेत.”

“बरं,” मोठी म्हणाली आणि खोकली. वेल्डरने फोन बंद करून बाईंच्या खिशात सरकवला.

तिने पाना उचलला. एक नट बसवला, दुसरा बसवला. तिसऱ्याला हात घातला आणि तो तिथेच थांबला. मुलगी काय म्हणाली? दोन्ही टाकलं. दोन्ही म्हणजे काय?

बाथरूमच्या फळीवर दोन बाटल्या असायच्या. एक कपड्यांच्या ब्लीचची, दुसरी संडास साफ करायच्या ॲसिडची. ही दोन एकत्र आली की विषारी वायू सुटतो, हे तिला कुणी सांगायची गरज नव्हती. डेपोच्या बॅटरी रूममध्ये तशी पाटी लागलेली होती आणि ती तिनेच मोठ्या अक्षरांत लिहिली होती. आणि घरातलं बाथरूम चार फूट बाय पाच फूट. खिडकी रंगाने चिकटून बसलेली. दार बंद, आईने सांगितलं म्हणून.

तिने ग्रीसच्याच हाताने फोन काढला. घरच्या फोनची रिंग वाजत राहिली. परत लावला, परत वाजत राहिली. मोठी फोन ठेवून परत आत गेली होती, दार लावून. बाहेर धाकटी घड्या घालत बसली असणार, फोनकडे बघत असणार, आणि उचलत नसणार. तिला हात लावायची मनाई होती ना!

“ही बस सोडू नका! दोन नट राहिलेत!” एवढं मात्र ती ओरडली आणि पार्किंगकडे धावली. स्कूटरची चावी भोकात जाईना. मागून आलेल्या वेल्डरने ती तिच्या हातातून काढून घेतली. “बाई, मागे बसा. रस्ता सांगा आणि फोन करत राहा.”

खालच्या मजल्यावर टेलरकाका राहायचे. घरातच मशीन मांडून दिवसभर शिवत बसायचे. मशीन चालू असली की त्यांना जगाची शुद्ध नसे. तिसऱ्या वेळी त्यांनी फोन उचलला.

“काका, वर जा! पोरगी बाथरूममध्ये आहे, आत विषारी वाफ आहे. तिला बाहेर काढा!”

काका साठीचे, गुडघ्यांनी हैराण, पण जिन्यावर त्यांची पावलं धडधडत गेलेली तिला फोनवर ऐकू आली. मग दार ठोठावल्याचा आवाज. मग धाकटीचा बारीक, ठाम आवाज, “आई घरात नाहीये. दार उघडायचं नाही सांगितलंय.”

“अगं, मी काका! खालचा!”

“कुणालाही म्हणजे कुणालाही,” धाकटी म्हणाली.

सिग्नल लाल होता. वेल्डरने दोन्हीकडे बघितलं आणि गाडी फुटपाथला घासून पुढे काढली.

“काका, स्पीकर लावा. फोन दाराशी धरा,” ती ओरडली. “सोनू! मी आई बोलतेय. दार उघड!”

“आईचा आवाज असा नाहीये,” आतून आलं.

खरंच नव्हता. तिचा स्वतःचा आवाज तिलाही ओळखू येत नव्हता. तिने डोळे मिटले आणि जेवढं हळू बोलता येईल तेवढं हळू बोलली, “सोनू, काल तू ताईचं खोडरबर खाल्लंस आणि ताईला सांगू नको असं मला म्हणालीस. मी कुणाला सांगितलं नाही. आता दार उघड.”

कडी खाली पडल्याचा आवाज आला.

पुढचं तिला नुसतं ऐकू आलं. काकांनी फोन कुठेतरी ठेवला असावा. “पाणी आण, टॉवेल ओला कर! तू जिन्यात जा, आत यायचं नाही!” मग दाराचा धक्का, मग काकांचा कर्कश खोकला. मग काही ओढल्याचा, खरवडल्याचा आवाज. धाकटी रडायला लागली. आई “काका! काका!” करत राहिली, पण पलीकडून कुणी बोलेना. तेवढ्या वेळात गाडीने तीन वळणं घेतली. त्यातलं एकही तिला पुढे आठवलं नाही.

ती पोहोचली तेव्हा मोठी जिन्याच्या पायरीवर बसली होती. तोंड पांढरं, डोळे लालभडक, ओठांशी फेस. श्वास घेताना छातीतून शिट्टी वाजत होती. काका शेजारी भिंतीला टेकून खोकत होते आणि धाकटी त्यांना वर्तमानपत्राने वारा घालत होती. मोठीच्या हातात अजून ब्रश होता. काकांनी सोडवायचा प्रयत्न केला होता, पण तिने मूठ उघडली नव्हती.

“आई,” ती कशीबशी म्हणाली, “एक कोपरा राहिलाय.”

तिने मुलीला उचललं. बारा वर्षांची पोर, उंचीला जवळजवळ खांद्याला लागणारी, पण तिने ती तीन मजले खाली उतरवली.

हॉस्पिटलमध्ये मोठीच्या तोंडावर मास्क लावला. काकांनाही तपासून घरी सोडलं. तरुण डॉक्टरीण फार बोलणारी नव्हती. संध्याकाळी तिने फुप्फुसाचा फोटो दिव्यासमोर धरून पाहिला आणि म्हणाली, “निभावलं. उद्या सकाळपर्यंत इथेच ठेवू. आणखी दहा मिनिटं आत राहिली असती तर मी तुमच्याशी वेगळं बोलत असते.” जाता जाता तिने विचारलं, “एवढं झोंबत असताना ही आत थांबली कशी? माणूस आपोआप बाहेर पळतो.”

बाईंच्या नखांत अजून ग्रीस होतं.

मास्क काढल्यावर मोठी छताकडे बघत होती. मग म्हणाली, “मी विचारलं होतं, थांबू का म्हणून.”

“हो.”

“तू नाही म्हणालीस.”

“हो.”

“फोन ठेवून परत आत गेले तेव्हा मला आतून कळत होतं, बाहेर जायला हवं. पाय पण दाराकडे वळले होते. पण बाहेर आले असते तर अर्धवट सोडल्यासारखं झालं असतं ना.”

तिला सांगता आलं असतं की मला ऐकू नीट आलं नाही, बस सुटायची होती, हात अडकले होते. सगळं खरं होतं. पण दुसऱ्या कुणी अशी कारणं दिली असती तर तिने ती ऐकून घेतली नसती. “चूक माझी,” ती म्हणाली. “तू बरोबर विचारलंस आणि मी ऐकलं नाही. तुझी यात काही चूक नाही.”

मोठीने तिच्याकडे जरा संशयानेच पाहिलं. हे वाक्य या घरात नवीन होतं.

त्यानंतरचे तीन आठवडे घरात विचित्र गेले. दोन्ही बाटल्या गेल्या, खिडकी उघडली. पण आईने मुलींना काडीचं काम सांगणं बंद केलं. पहाटे उठून सगळं ती स्वतःच उरकायची, डेपोतून आली की पुन्हा कामाला लागायची. मोठीने झाडू उचलला तर “राहू दे” म्हणून काढून घ्यायची. धाकटी मजेत होती. मोठी मात्र दिवसेंदिवस घुम्यासारखी व्हायला लागली. शेवटी एकदा तिने ओट्यावर हात आपटला.

“मी काय मोडलेय का? मला काहीच का करू देत नाहीस?”

“भीती वाटते गं.”

“मला पण वाटते. पण अशी नुसती बसून राहिले की जास्त वाटते.”

आईने हातातलं फडकं खाली ठेवलं. त्या रात्री जेवताना तिघींचं ठरलं. कामं पुन्हा वाटून घ्यायची. पण काही चुकतंय असं वाटलं, दुखलं, झोंबलं, भीती वाटली, की आधी हात थांबवायचा आणि मग आईला सांगायचं. विचारायचं नाही, सांगायचं. “आणि मी नाही म्हणाले तरी थांबायचं,” ती म्हणाली. माझं ऐकू नका, असं आपल्याच मुलींना शिकवायची वेळ तिच्यावर कधी आली नव्हती.

पुढच्या रविवारी जेवणं झाली आणि मोठी खुर्चीतून उठलीच नाही. “मी आज भांडी घासणार नाही.”

आई चटकन तिच्याकडे वळली. “का? काय होतंय? दम लागतोय?”

“नाही.”

“हात दुखतोय?”

“नाही. कंटाळा आलाय.”

एवढ्या दिवसांचा दबलेला जुना राग सरसरत वर आला. तो जिभेच्या टोकाशी आलेला असताना तिने मोठीचा चेहरा पाहिला. चेहरा घाबरलेला होता, पण नजर खाली गेली नव्हती.

“तू थांबून सांग म्हणालीस, ते वेगळं आणि हे वेगळं, मला माहितीये,” मोठी घाईघाईने म्हणाली. “म्हणून खोटं नाही बोलले. पोटात दुखतंय म्हणून सांगता आलं असतं.”

धाकटीने दोघींकडे आळीपाळीने पाहिलं आणि हळूच स्वतःची ताटली दूर सरकवली, जणू तिचाही कंटाळा नोंदवून घ्यावा.

आईला हसू आवरेना. पण तिने ते दाबलं. “बरं. पंधरा मिनिटं कंटाळा कर. मनसोक्त कर. मग ऊठ. भांडी मी घासणार नाही.”

मोठी सोफ्यावर जाऊन पालथी पडली. आईने टेबल पुसायला घेतलं आणि घड्याळाकडे बघायचं नाही असं ठरवूनही दोनदा बघितलं. विसाव्या मिनिटाला मोरीतला नळ सुटला आणि पातेल्यावर काथ्याचा खरखर आवाज येऊ लागला.