गोलकीपरची बायको

रविवारी सकाळी मी आईच्या अंगणात केस वाळवत बसले होते, तेव्हा पाच माणसं नारळ, साडी आणि पेढ्यांचा पुडा घेऊन आत आली. पुढे धनराजभाऊ, आमच्या फुटबॉल कमिटीचे अध्यक्ष. सगळ्यांत मागे माझा सख्खा भाऊ विक्की, टीमचा कॅप्टन, नजर जमिनीला खिळवून. कोणी पाहिलं असतं तर म्हटलं असतं, पोरगी मागायला आलेत. आले तसेच होते. फक्त पोरगी लग्न झालेली होती आणि नवऱ्याचं घर सोडून तिला दोन महिने झाले होते.

आमचं गाव कोरपन्याजवळचं. सिमेंट कंपनीत आलेल्या एका बंगाली फिटरनं चाळीस वर्षांपूर्वी इथल्या पोरांना फुटबॉलचा नाद लावला आणि तो बदली होऊन निघून गेला. नाद इथंच राहिला. लग्नाच्या तारखा टूर्नामेंट बघून काढतात. मॅचच्या दिवशी कापूस वेचायला माणूस मिळत नाही. अशा गावात मी गोलकीपरची बायको होते.

लग्नानंतरच्या पहिल्याच फायनलला मी मैदानावर गेले, टीम हरली, आणि गावानं ठरवलं की माधवी पनवती आहे. तेव्हापासून मॅचच्या दिवशी मी घरात. माझा नवरा खुशाल मॅच हरला तर आठ दिवस बोलायचा नाही, जिंकला तर आठ दिवस घरात सापडायचा नाही. तेही चालवून घेतलं. पण मागच्या वर्षी तिसऱ्या महिन्यात माझं पोट पडलं, तेव्हा तो राजुऱ्याला सेमीफायनल खेळत होता. मी तीनदा फोन लावला. संध्याकाळी तो गुलालानं माखून, बँडसकट आला, कप माझ्या अंथरुणावर ठेवला आणि म्हणाला, सगळ्यांची तोंडं अशी का? त्या दिवशी तो माझ्या मनातून उतरला. पुढे सेतू केंद्रात फॉर्म भरायची नोकरी लागली आणि दिवाळीला मी बॅग उचलली.

कमिटीचं म्हणणं असं, की मी गेल्यापासून खुशालनं चार मॅचमध्ये नऊ गोल खाल्ले. विक्कीनं पुढे अकरा मारले म्हणून फायनल तरी गाठली. बायको घरी नाही म्हणून डोकं ठिकाणावर राहत नाही, असं खुशालनं स्वतःच कमिटीला सांगितलं होतं. तेव्हा मी परत जावं. निदान दुपारच्या फायनलपुरतं. फायनलपुरती बायको! हसावं की चप्पल शोधावी, मला कळेना. आई मात्र पदर डोळ्यांना लावून, जा बाई, जा, असं म्हणत होती.

मी साडी त्यांच्या हातात परत दिली. घरी जाणार नाही, म्हटलं, पण मैदानावर येते. त्यांचे चेहरे पाहण्यासारखे झाले. घरी नसले तर अपशकुन, मैदानावर असले तर पनवती. मी नेमकं राहायचं कुठं, ते कमिटीनं एकदा ठराव करून कळवावं, असंही सांगितलं.

दुपारी प्लास्टिकची खुर्ची घेऊन मी थेट खुशालच्या गोलमागे जाऊन बसले. समोर बल्लारशाची टीम होती. लोक कुजबुजत होते, कुजबुजू दिलं.

लग्नानंतरचे सुरुवातीचे महिने बरे होते, हेही सांगायला पाहिजे. रोज सकाळी तो गोठ्याच्या भिंतीपुढे उभा राहायचा आणि मी खांदा दुखेपर्यंत बॉल फेकायची. त्यामुळं त्याचे पाय मला त्याच्यापेक्षा जास्त माहीत. उडी मारायच्या आधी त्याची डावी टाच उचलली जाते. विसाव्या मिनिटाला बल्लारशाचा गोल झाला, तेव्हा त्याच्या दोन्ही टाचा जमिनीला चिकटलेल्या होत्या. बॉल आत गेल्यावर तो सावकाश आडवा झाला. आधीचे नऊ कसे गेले, ते मला बसल्या जागी कळलं आणि अंगाची लाहीलाही झाली.

विक्कीनं बरोबरी केली. हाफटाइमला खुशाल पाण्याची बाटली घ्यायला खांबापाशी आला. चार वर्षं मी त्याला अहो-जाहो केलं होतं. त्या दिवशी केलं नाही.

"मुद्दाम सोडून राह्यला ना तू?"

तो लाजलासुद्धा नाही. "तू घरी ये, मंग एकबी जात नाई."

इतक्या लाडानं म्हणाला की दुसरी एखादी विरघळली असती. माझी आई दोन महिने रडत होती, भाऊ माझ्याशी नीट बोलत नव्हता, अख्खं गाव माझ्या नावानं बोटं मोडत होतं. हे सगळं यानं एकेक बॉल सोडून जमवलं होतं. स्वतः एकदाही आईच्या दारात आला नाही. गावाला पाठवलं.

मी सरळ टीमच्या घोळक्यात गेले आणि सगळ्यांसमोर सांगितलं, हा मुद्दाम गोल खातोय, नईमला उभं करा. नईम राखीव गोलकीपर. वेल्डिंगच्या दुकानात काम करणारा, तीन वर्षांत एकही पूर्ण मॅच न खेळलेला. धनराजभाऊ मला बाजूला घेऊ लागले.

"नवरा-बायकोचं भांडन घरी पाहा, पोरी. इथी मैदानात काऊन आनून राह्यली?"

"माह्या घरात मैदान कोनं आनलं, भाऊ? सकाळी पाच जन नारळ घेऊन आले, तवा हे नवरा-बायकोचं नव्हतं काय?"

विक्कीनं खुशालला विचारलं, हे खरं आहे का. खुशाल म्हणाला, "हिले घरी पाठव, मंग दाखवतो गोलकीपिंग."

विक्कीनं मला, घरी जा, असा एक शब्द टाकला असता तर कप त्याच्या हातात होता. मला भीती वाटत होती ती त्याचीच. तो माझ्याकडे वळला नाही. त्यानं खुशालपुढे हात केला, ग्लोव्ह्ज मागून घेतले आणि नईमला दिले.

टीमच्या बाजू बदलल्या, तशी मीही खुर्ची उचलली आणि मैदानाच्या कडेनं सगळ्या गावासमोरून चालत नईमच्या गोलमागे जाऊन बसले. पोरगा जीव तोडून खेळला. चार अडवले. शेवटच्या पाच मिनिटांत एक बॉल उजव्या कोपऱ्यात आला. नईम पूर्ण आडवा झाला, बॉल त्याच्या बोटांना लागून आत गेला. आम्ही हरलो.

लोक बल्लारशाच्या टीमकडे न बघता माझ्याकडे बघत होते. पनवती हा शब्द मला दोन-तीनदा ऐकू आला, तो ऐकू यावा म्हणूनच म्हटला होता. मी उठले नाही. बक्षिसं वाटून होईपर्यंत बसले. नईमचं नाव पुकारलं तेव्हा पहिली टाळी मीच वाजवली. विक्कीचं उतरलेलं तोंड मला बघवत नव्हतं, वाईट वाटलं, खूप वाटलं. पण पश्चात्ताप म्हणाल तर नावाला नाही.

शेवटी धनराजभाऊ आले. रागावले नव्हते, थकले होते. कप तर गेला, म्हणाले, आता पुढच्या वर्षाचा तरी विचार कर आणि खुशालच्या घरी जा.

"कप पुढच्या सालीबी आनता येते, भाऊ. मले नाई."